सी बास म्हणजे आपला जिताडाच का? खायला नेमका कसा लागतो?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा साधा आहे, पण त्यामागं घरातली एक गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, मूळच्या पेणकडच्या. सासरे एसटीत होते. तिकडं बदलीवर असताना लग्न जमलं आणि मग कोल्हापुरात आल्या त्या कायमच्याच. आता वय ८१. इथलं सगळं शिकल्या. त्यांच्यासारखा पांढरा रस्सा आमच्या गल्लीत कुणाला जमत नाही. पण घरात मासे आले की पिशवीत डोकावून एकच विचारणार, "जिताडा नव्हता का?" सुरमई आणा, पापलेट आणा, प्रश्न तोच. मी या घरात येऊन २४ वर्षं झाली, तेव्हापासून ऐकते आहे. मला वाटायचं, खाडीतला कुठला तरी बारीक मासा असेल, घाट चढून इकडं येत नसेल.

गेल्या महिन्यात लेकीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे हॉटेलात गेलो. मेनूत 'ग्रिल्ड सी बास' होता, चांगला महाग. लेकीनं हौसेनं मागवला. आला तो पांढराफटक, बिनकातडीचा, पाणी सुटलेला तुकडा. चमचा लावला की लगदा. चव म्हणाल तर लोणी आणि लसूण, माशाची अशी काहीच नाही. आत्तींनी दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. लेकीनं तिथंच फोनवर शोधून सांगितलं, "आजी, सी बास म्हणजे तुझा जिताडा." आत्तींनी फोन डोळ्यांजवळ धरून फोटो नीट बघितला. म्हणाल्या, "मासा हाच. पण ताटात आला तो हा नव्हे."

तेव्हापासून मला चैन नाही. २४ वर्षं त्या जे मागत होत्या ते काय आहे, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. तर जाणकारांनी सांगा. खरा सी बास किंवा जिताडा खायला कसा लागतो? मी सुरमई, पापलेट, बांगडा, रोहू आणि मरळ खाल्लेत, त्यांच्याशी तुलना करून सांगितलंत तर कळेल. कोल्हापुरात मिळतो का? ओळखायचा कसा? आणि आपली कांदा-लसूण चटणी त्याला चालते का?

खाडीवरचा_वारा

ताई, तुमच्या आत्तींनी बरोबर ओळखलं. तो बासा होता, मी पैजेवर सांगतो.

आम्ही वेंगुर्ल्याचे. आमच्याकडं आणि गोव्यात याला चोणक म्हणतात. रायगडात जिताडा, कुठं खजुरासुद्धा म्हणतात. मासा एकच. आणि बासा हा पार निराळा, व्हिएतनामच्या मेकाँग नदीकडचा, बिनखवल्याचा, आपल्या शिंगाळ्या-मांगूरच्या जातकुळीतला. तो सोललेल्या पट्ट्या करून बर्फात गोठवून येतो आणि फार स्वस्त पडतो. 'बासा' आणि 'बास' यांत एका कान्याचा फरक. कुणी चुकून लिहितं, कुणी मुद्दाम.

घरी खूण सांगतो. बासाची पट्टी तव्यावर टाकली की पाणी सोडते, तळली न जाता शिजतेच, आणि काट्यानं दाबली की लापशी. चोणकाचा काप तव्यावर आखडतो, पाणी सोडत नाही. शिजला की त्याच्या पाकळ्या सुटतात. कांदा उभा चिरून शिजवल्यावर पाकळ्या कशा एकमेकींवरून घसरतात, तशा. करंगळीएवढी जाड पाकळी, पांढरीशुभ्र, ओलसर, कडेला किंचित चमक. तोंडात घेतली की आधी दाताला जाणवते, मग विरघळते.

आता तुलना. सुरमई घट्ट आणि कोरडी, मटणासारखी चावावी लागते. पापलेट अगदी मऊ आणि रेशमी, पण अंगानं पातळ. चोणक या दोघांच्या मधला. सुरमईएवढा जाडजूड काप आणि पापलेटाच्या जवळ जाणारा मऊपणा. चवीला गोडसर. बांगड्यासारखा तेलाचा वास अजिबात नाही. मरळ तुम्ही खाल्लाय म्हणता, तर मरळ घट्ट आहे पण चिवटपणाकडं झुकतो. चोणक तसा नाही.

आणि काटे! रोहू-कटल्यात मांसाच्या आत दुबेळकी बारीक काटे असतात, ते यात नाहीत. मधला कणा आणि पोटाच्या फासळ्या, झालं. ८१ वर्षांच्या माणसाला निर्धास्त वाढावा असा मासा.

पांढरारस्सा

मी कोल्हापूरचाच, मंगळवार पेठ. एकदा रत्नागिरीला मित्राच्या घरी खाल्लाय जिताडा. खरं सांगतो, मला सपक लागला. आमच्या जिभेला मटणाची सवय. मासा म्हटला की बांगडा नाहीतर सुरमई, चटणी चोळून, कडक तळलेली. त्या मित्रानं नुसतं हळद, मीठ आणि चिंचेचं पाणी लावून कालवण केलं होतं. रस्सा चांगला होता, पण तुकडी खाताना माशाची चव शोधावी लागत होती. एवढे पैसे घालून सपक मासा कशाला आणायचा, असं माझं प्रामाणिक मत.

पेणची_लेक

दादा, तुमचं मत तुमच्यापाशी, पण तो सपकपणा नव्हे हो, गोडवा आहे. मटणाच्या पंगतीतून उठून लगेच चाखला तर नाही कळणार. साध्या भाताबरोबर खा, तिसऱ्या घासाला कळेल.

रंकाळाकाठ ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. माझं माहेर पेण तालुक्यातलं. आमच्या घरापुढं तळं आहे. खारभूमीतल्या गावांत असं तळं पुष्कळ घरांपुढं असतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी आत घेताना जिताड्याची पिल्लं येतात, नाहीतर खाडीतून पकडून आणून सोडायची. बोटाएवढी असतात. ती तळ्यातली बारीक मासळी खाऊन वाढतात. दीड-दोन वर्षांत किलो-दोन किलोचा मासा होतो. तोवर कुणी हात लावायचा नाही. लग्नाची बोलणी, जावई पहिल्यांदा येणं, मुंबईहून भाऊ येणं, अशा वेळी तळ्यात जाळं पडायचं. त्यामुळं जिताडा म्हटलं की आम्हाला चवीआधी घर भरलेलं आठवतं. तुमच्या आत्तीही त्यातलंच काहीतरी आठवत असतील.

चव सांगायची तर तीन जागी तीन चवी आहेत. पाठीची तुकडी घट्ट आणि पांढरी, तळायला ती घ्या. पोटाकडची तुकडी चरबीची, ती कालवणात टाकायची, रस्सा तिच्यामुळं अंगाला येतो. आणि डोकं. जिताड्याच्या डोक्यात गालाचे दोन गोळे निघतात, लिंबाच्या फोडीएवढे. सगळ्या माशात तेवढं मऊ काही नाही. आमच्याकडं डोकं घरातल्या मोठ्या माणसाच्या पानात जातं. आत्तींना नक्की द्या.

कालवण असं करतो: लसूण भरपूर, कोथिंबीर, हिरवी मिरची, थोडं ओलं खोबरं, हे सगळं पाट्यावर नाहीतर मिक्सरला बारीक वाटायचं. तेलात ठेचलेल्या लसणाची फोडणी, त्यात हळद आणि आगरी मसाला, मग वाटण. तेल सुटलं की चिंचेचा कोळ आणि पाणी. उकळी फुटली की मीठ, आणि मग तुकड्या. कांदा नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच. तुकड्या टाकल्यावर पळी घालायची नाही. पातेलं दोन्ही कडांना फडक्यानं धरून गोल हलवायचं. आठ-दहा मिनिटांत झालं. तांदळाची भाकरी नाहीतर भात.

रंकाळाकाठ

पेणची_लेक, पातेलं फडक्यानं धरून हलवायचं वाचलं आणि मी उठून आत्तींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग! पळी घातली की तुकडी मोडते." आम्ही कोल्हापुरी माणसं रस्सा ढवळून ढवळून करतो. आत्ती सुरमईच्या रश्श्यालासुद्धा पातेलं हलवायच्या आणि मला वाटायचं, त्यांचा हात दुखतो म्हणून पळी धरवत नसेल.

खाडीवरचा_वारा दादा, बाजारात अख्खा मासा कसा ओळखायचा तेवढं सांगा. इथं रावस म्हणून एक मासा दाखवतात, तोच का हा?

मत्स्यशाळा

रावस वेगळा. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता त्याच क्षेत्रात काम करतो, तेव्हा खुणा मी सांगतो.

रावसाचं शेपूट खोल दुभंगलेलं असतं आणि छातीच्या परांखाली सुट्या दोऱ्यांसारखे तंतू लोंबतात. जिताड्याचं शेपूट गोलसर, पंख्यासारखं. ही एक खूण लक्षात ठेवली तरी फसणार नाही. शिवाय जिताड्याचं कपाळ डोळ्यांच्या वर आत दबलेलं असतं, तोंड मोठं, खालचा जबडा वरच्याच्या पुढं आलेला. खवलं मोठी आणि जाड. डोळ्यावर उजेड पडला की सोनेरी-लालसर झाक दिसते. कल्ल्याच्या झाकणाजवळची कड करवतीसारखी धारदार असते, बघताना बोट सांभाळा. ताजेपणासाठी कल्ले लाल हवेत आणि बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. पट्ट्या केलेला माल घेण्यापेक्षा अख्खा मासा घेऊन समोर कापून घ्या. म्हणजे बासाचा प्रश्नच उरत नाही.

शास्त्रीय नाव लेटिस कॅल्कॅरिफर. ऑस्ट्रेलियात यालाच बारामुंडी म्हणतात. ते नाव क्वीन्सलंडमधल्या आदिवासी भाषेतून आलंय, अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा. बंगालात भेटकी. जन्म खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं खाडीतून वर गोड्या पाण्याकडं सरकतात, वाढतात आणि वीण करायला पुन्हा समुद्राच्या तोंडाशी उतरतात. दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे हा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा मिळाला तर तो बहुतेक मादीच.

ही माहिती चवीसाठी महत्त्वाची आहे. हा मासा खाऱ्या, निमखाऱ्या आणि गोड्या, तिन्ही पाण्यांत वाढू शकतो आणि ज्या पाण्यात वाढला त्याची चव घेऊन येतो. खाडीचा आणि समुद्राचा मासा घट्ट, गोडसर, मागं हलकी खारी चव. गोड्या पाण्याच्या तळ्यातला जास्त चरबीचा आणि मऊ असतो, आणि पाणी चांगलं नसेल तर त्याला मातीचा वास येतो. हा वास तळ्यातले काही जिवाणू आणि शेवाळ जो पदार्थ तयार करतात त्याचा. तो माशाच्या चरबीत बसतो. चांगला शेतकरी विक्रीआधी मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवतो, मग वास उतरतो. घरी आणलेल्या माशाला वास वाटलाच तर आंबट वापरा. चिंच, कोकम, लिंबू. आंबटानं तो पदार्थ खरोखरच मोडतो. आपल्या आज्या-पणज्यांनी माशाच्या रश्श्यात आंबट उगाच घातलेलं नाही.

आता बाजारात येणारा बराचसा जिताडा शेतीतला आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं १९९७ मध्ये याची बंदिस्त जागेत वीण करून पिल्लं तयार केली. तेव्हापासून खाडीतल्या पिल्लांवर अवलंबून राहायची गरज कमी झाली. शेतीतला म्हणून नाक मुरडू नका. निमखाऱ्या पाण्यात नीट वाढवलेला मासा फार चांगला लागतो, आणि १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हाही तो मिळतो.

सातासमुद्रापार

मूळचा राजारामपुरीचा, सध्या दुबईत. इथं दुकानात 'सी बास' म्हणून निदान तीन वेगवेगळे मासे दिसतात. माझाही सुरुवातीला गोंधळ झाला होता, म्हणून लिहितो.

पहिला तुमचा जिताडा. दुसरा युरोपचा सी बास, तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये समुद्रात जाळ्याचे पिंजरे लावून वाढवतात. इटालियन हॉटेलात त्याला ब्रांझिनो म्हणतात. तो लहान असतो, तीन-चारशे ग्रॅमचा, एका माणसाला एक. अख्खाच भाजून, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. मांस जिताड्यापेक्षा बारीक पाकळीचं आणि नाजूक. चांगला आहे, पण कालवणात टाकलात तर विरघळून जाईल.

तिसरा चिलियन सी बास, सगळ्यांत महाग. हा सी बासच्या कुळातला नाहीच. दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रात खूप खोलवर राहणारा पॅटागोनियन टूथफिश. ली लँट्झ नावाच्या अमेरिकन मासे आयातदारानं १९७७ मध्ये विक्रीसाठी त्याला हे नाव दिलं, कारण टूथफिश म्हटल्यावर कुणी घेईना. मी एकदाच खाल्लाय. इतकी चरबी की पाकळी लोण्यासारखी सुटते, पण चार घासांनंतर जीव भरतो. भाकरी-भाताबरोबर खायचा मासा नव्हे तो.

परदेशातलं कुणी कौतुक करत असेल तर यातला कुठला सी बास ते आधी विचारा.

पांढरारस्सा

मत्स्यशाळा, मातीचा वास म्हणालात ना, तो मला मरळमध्ये येतो आणि म्हणून मी नदीचे मासे सोडलेत. जिताड्यात आला नव्हता, हे कबूल करतो. पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. कांदा-लसूण चटणी चालते का?

खाडीवरचा_वारा

भावा, चालते, पण हात आवरून. तुमच्या चटणीत भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खडा मसाला सगळं असतं. मटणाला ते लागतं कारण मटण त्याच्याशी झुंजतं. चोणक झुंजत नाही. चटणीच वापरायची असेल तर तळणीला वापरा, तीही अर्धा चमचा, लिंबू आणि मीठ लावून, वरून रवा. कालवणात नको.

आमच्याकडं तळणीची पद्धत अशी. काप बोटाच्या दोन पेरांएवढा जाड. पातळ केलात तर आतला ओलावा जातो, आणि त्या ओलाव्यातच सगळी मजा आहे. मीठ, हळद, थोडं लाल तिखट, आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस. पंधरा मिनिटं, जास्त नाही. आंबटात तासभर ठेवलं तर बाहेरचं मांस आधीच पांढरं पडतं आणि तळताना भुसभुशीत होतं. मग जाडा रवा दाबून लावायचा. तेल चांगलं तापू द्या, काप ठेवला की आच मध्यम. एका बाजूनं चार-पाच मिनिटं हलवायचा नाही. कडेनं मांस अर्ध्यापर्यंत पांढरं झालेलं दिसलं की उलटा. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं बस. कातडी मात्र ठेवा. तळली की पापडासारखी होते, माझ्या मुली आधी तीच खातात.

पेणची_लेक

कातडीबद्दल अगदी बरोबर. आणि कालवणात हीच कातडी मऊ, चिकटसर होते, रश्श्याला दाटपणा देते. खवलं मात्र नीट काढून घ्या. एक राहिलं तरी घासात नखासारखं लागतं.

गंगावेस_ते_गंगाकाठ

मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं कोलकात्यात होते. तिथं भेटकीशिवाय पाहुणचार होत नाही. लग्नात भेटकीची पातुरी असते. मोहरीचं वाटण, हिरवी मिरची, मोहरीचंच तेल, थोडं खोबरं, हे माशाला लावून केळीच्या पानात बांधून वाफवतात. पुडी सोडली की नाकात मोहरी चढते, पण घास घेतल्यावर मासा गोडच लागतो. आपल्याकडं मोहरी वाटून खायची सवय नाही, म्हणून मी कोल्हापुरात तोच प्रकार ओली कोथिंबीर, मिरची, लसूण आणि खोबऱ्याच्या चटणीत करते. केळीचं पान गॅसवर धरून मऊ करायचं, काप गुंडाळायचा, इडलीपात्रात बारा मिनिटं. तेल नावालाच लागतं. पांढरारस्सा, सपक वाटतो म्हणता ना, हा करून बघा. तिखटपणा माशाच्या बाहेर राहतो आणि गोडवा आत, दोन्ही वेगवेगळे कळतात.

पांढरारस्सा

ताई, हे पटण्यासारखं आहे. बुधवारी करतो आणि सांगतो.

रंकाळाकाठ

मंडळी, झालं! आणला.

मासळी बाजारात दोन विक्रेत्यांकडं आधी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, रत्नागिरीहून आंबा घाटानं आलेल्या पेटीत दोन आहेत. साडेसातला मी तिथं. शेपूट बघितलं, गोल. खालचा जबडा पुढं. कल्ले उघडून दाखवायला सांगितले, लाल होते. मग दाबून बघितला. विक्रेती म्हणाली, "वैनी, कोकणातल्या हाय काय?" सव्वादोन किलोचा होता. किलोला साडेसातशे घेतले. खवलं काढताना इतकी उडाली की माझ्या पदराला दोन चिकटून घरी आली. मुलाच्या अंगठ्याच्या नखाएवढं एकेक खवलं.

आत्तींना काही सांगितलं नव्हतं. पातेलीत तुकड्या घेऊन त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी डोकं उचललं, कल्ल्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि लगेच मागं घेतलं. म्हणाल्या, "कापतं हे. लहानपणी कापलं होतं." आणि मला बोटावरची एक जुनी रेघ दाखवली. ती रेघ मी इतकी वर्षं बघते आहे, विळीनं कापलं असेल असं समजत होते.

मग मला बाजूला बसवून कालवण त्यांनीच केलं, पाटा काढायला लावून. पेणची_लेकनं सांगितलं तेच सगळं, फक्त खोबरं त्यांनी घातलं नाही. म्हणाल्या, आमच्याकडं खोबरं घालत नसत, लसूणच जास्त. आगरी मसाला नव्हता, तर नुसतं लाल तिखट आणि धण्याची चिमूट. चटणीच्या बरणीकडं मी हात नेला तर डोळे वटारले. पातेलं दोघींनी दोन बाजूंनी धरून हलवलं, कारण त्यांना आता एकटीला पेलत नाही.

आता चव. रस्सा आधी नुसता वाटीत घेतला. आंबट, लसणाचा, आणि मागून एक गोडी येते जी खोबऱ्याची असणं शक्य नव्हतं, खोबरं नव्हतंच. ती माशाची. वर चरबीचे बारीक सोनेरी ठिपके. पाठीची तुकडी बोटानं दाबली तर पाकळ्या खरंच घसरल्या, एकाखाली एक. दाताला लागते, मग नाहीशी होते. पोटाची तुकडी मात्र अगदी निराळी, मऊ मलईसारखी, जिभेवर जरा जड. मला पाठीची आवडली, नवऱ्याला पोटाची. काट्यांचं खरं निघालं. आमच्याकडं रोहू केला की घरात कुणी बोलत नाही, सगळे काट्यांत. या वेळी जेवताना गप्पा चालल्या होत्या.

रव्यातली तळणीही केली. पहिले दोन काप मी घाईनं उलटले, कातडी तव्याला चिकटून राहिली. पुढचे दादांनी सांगितल्याप्रमाणे हलवलेच नाहीत, ते जमले. लेक म्हणाली, हॉटेलात खाल्लं त्याचं नाव आणि याचं नाव एक कसं.

डोकं आत्तींच्या पानात. त्यांनी गालाचा गोळा काढला, अर्धा माझ्या भातावर ठेवला. लिंबाच्या फोडीएवढा नव्हता, त्याहून लहान होता, पण पेणची_लेक, मऊपणाचं तुम्ही खरं सांगितलंत.

पेणची_लेक

ताई, खोबरं न घालता, लसूण जास्त! खाडीकडच्या गावांत तसंच करतात. आमच्या आजीचंही तसंच होतं, खोबरं माझ्या आईनं सुरू केलं. पुढच्या वेळी मीही आत्तींच्या पद्धतीनं करणार. किती लसूण घेतला तेवढं विचारून सांगा, आणि चिंच किती?

मत्स्यशाळा

उरलेल्या तुकड्या फ्रीजरला ठेवणार असाल तर पुसून कोरड्या करा, मीठ-हळद न लावता पिशवीतली हवा काढून ठेवा. मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि पाकळी राठ होते. वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणा, गरम पाण्यात घालू नका.

पांढरारस्सा

पानातली पुडी केली बुधवारी. दोन खाल्ल्या. सपक हा शब्द मी मागं घेतो. पण तळणीला चटणी मात्र मी लावणारच, अर्धा चमचा.

रंकाळाकाठ

पेणची_लेक, विचारलं. सव्वादोन किलोतल्या निम्म्या माशाला लसणाचे दोन मोठे गड्डे, त्यातला पाऊण वाटणात आणि बाकी ठेचून फोडणीला. चिंच लिंबाएवढी. पाणी तीन वाट्या.

मत्स्यशाळा दादा, उरलं फक्त कालवण, तुकड्या राहिल्याच नाहीत. ते रात्रभर मुरलं. सकाळी मी चहा टाकत होते, तर आत्ती म्हणाल्या, चहा नंतर, आधी भाकरी थाप. शिळ्या कालवणात तांदळाची भाकरी बुडवून खाल्ली आणि विचारलं, "पेटी पुन्हा कधी येते?" मी शुक्रवारचं सांगून ठेवलंय.